मालमोटारींमधील हायड्रॉलिक ड्रम ब्रेक

हायड्रॉलिक ड्रम ब्रेक ही वाहनाची गती कमी करण्याची किंवा वाहन थांबवण्याची अशी यंत्रणा आहे, जिच्यात चालकाच्या पायाचा जोर द्रवाच्या दाबाने चाकांपर्यंत पोहोचवला जातो. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घर्षणपट्ट्या दाबल्या जातात आणि वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. भारतात हलक्या आणि मध्यम वजनाच्या मालमोटारींत ही यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. जड मालमोटारींत आज प्रामुख्याने हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आढळतात. हायड्रॉलिक ड्रम ब्रेकची कार्यक्षमता नियमित देखभाल आणि योग्य समायोजन यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात यंत्रणेची रचना, तपासणी, दुरुस्ती व समायोजन यांची माहिती दिली असून सोलापूर जिल्ह्यातील सांगोला परिसरातील मालवाहतुकीच्या संदर्भात तिचे महत्त्व सांगितले आहे.

## इतिहास

फ्रेंच अभियंते लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेकची आधुनिक मांडणी वापरात आणली. आरंभीच्या काळात ब्रेकचा जोर दांडे व तारा यांच्या साहाय्याने चाकांपर्यंत नेला जाई. सर्व तारांवर सारखा ताण राखणे कठीण असल्याने चाकांवरील ब्रेक कमीअधिक लागत व वाहन एका बाजूस ओढले जाई. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमाचा उपयोग करून ही अडचण दूर करता आली. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी विकसित केलेली चारचाकी हायड्रॉलिक यंत्रणा १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग आणि १९२४ मध्ये क्रायस्लर या मोटारींत आली.

महाराष्ट्राचा या तंत्रज्ञानाशी जुना संबंध आहे. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो या नावांचे ट्रक जोडले जात. टेल्को (आताची टाटा मोटर्स) या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून मालमोटारींची निर्मिती सुरू केली. १९८६ मध्ये बाजारात आलेली टाटा ४०७ ही हायड्रॉलिक ब्रेक असलेली मालमोटार ग्रामीण महाराष्ट्रात विशेष लोकप्रिय झाली. वाहनांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था १९६६ पासून पुण्यात कार्यरत आहे.

## रचना

यंत्रणेचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :

* मास्टर सिलिंडर : पेडलच्या जोराचे द्रवाच्या दाबात रूपांतर करणारा भाग. आधुनिक वाहनांत तो दुहेरी असतो. एका परिपथात गळती झाली तरी दुसऱ्या परिपथावरील चाकांचे ब्रेक शिल्लक राहतात.
* बूस्टर : इंजिनाच्या पंपाने निर्माण केलेली निर्वात स्थिती किंवा हवेचा दाब वापरून चालकाचा जोर वाढवणारे साधन.
* नळ्या व होस : चौकटीवरून जाणाऱ्या पोलादी नळ्या आणि हलत्या भागांजवळचे लवचीक रबरी होस.
* व्हील सिलिंडर : चाकाजवळील सिलिंडर. त्यातील पिस्टन ब्रेक शूंना बाहेर ढकलतात.
* ब्रेक शू व लायनर : अर्धगोलाकार पोलादी शू आणि त्यावर रिव्हेटने किंवा चिकटवून बसवलेली घर्षणपट्टी. या पट्टीला गॅरेजमध्ये ‘लायनर’ म्हणतात.
* परतीची स्प्रिंग : पेडल सोडल्यावर शूंना मूळ जागी आणणारी स्प्रिंग.
* समायोजक : शू व ड्रम यांतील फट कमीजास्त करणारी दातेरी चकती किंवा विकेंद्री कॅम.
* ड्रम : चाकाच्या हबवर बसवलेला बिडाचा पोकळ दंडगोल.

ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने उघडणाऱ्या शूला अग्रगामी शू म्हणतात. घर्षणामुळे तो ड्रमकडे आणखी खेचला जातो व ब्रेकचा जोर आपोआप वाढतो. दुसऱ्या, म्हणजे अनुगामी शूच्या बाबतीत हा परिणाम उलट होतो. त्यामुळे दोन्ही शूंची झीज सहसा सारखी नसते. काही वाहनांच्या पुढील चाकांत दोन्ही शू अग्रगामी ठेवतात. अशा चाकांचा ब्रेक वाहन मागे घेताना कमी परिणामकारक ठरतो.

## दाब व प्रवासाचे गणित

समजा, चालकाने पेडलवर ३०० न्यूटन जोर दिला आणि पेडलचे तरफ-गुणोत्तर ५ आहे. मास्टर सिलिंडरवर १,५०० न्यूटन जोर येईल. सिलिंडरचा व्यास २५ मिमी असल्यास द्रवाचा दाब सुमारे ३०.६ बार होईल. चाकावरील ३८ मिमी व्यासाच्या प्रत्येक पिस्टनवर हाच दाब सुमारे ३,४६५ न्यूटन जोर निर्माण करील. बूस्टर असल्यास हा आकडा त्या प्रमाणात वाढतो.

जोर वाढतो तेव्हा प्रवासाची किंमत मोजावी लागते. चार चाकांतील आठ पिस्टन प्रत्येकी ०.५ मिमी सरकवण्यासाठी या उदाहरणात मास्टर सिलिंडरला सुमारे ९.२ मिमी आणि पेडलला सुमारे ४६ मिमी प्रवास करावा लागतो. लायनर झिजून पिस्टनांना प्रत्येकी १ मिमी सरकावे लागले, तर पेडलचा प्रवास सुमारे ९२ मिमी होतो. ही वाढ चालकाच्या पायाला लगेच जाणवते. फट आणखी वाढल्यास ब्रेक पूर्ण लागण्यापूर्वीच पेडल तळाला टेकते. समायोजनाची गरज नेमकी येथे उद्भवते.

## देखभाल

### पूर्वतयारी व सुरक्षितता

वाहन सपाट, टणक जमिनीवर उभे करून न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. मागील चाकांचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे ठोकळ्यांना पर्याय नसतो. जॅकवर उचललेल्या वाहनाखाली भार पेलणारी घोडी लावल्याशिवाय काम करणे धोक्याचे असते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधाराचे नव्हे.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास ॲस्बेस्टॉसिस व कर्करोग यांसारखे आजार अनेक वर्षांनी उद्भवू शकतात. लायनरची घडण बाहेरून ओळखता येत नसल्याने कोणत्याही ड्रममधील धूळ दाबाच्या हवेने किंवा तोंडाने फुंकू नये. ती ओली करून पुसणे किंवा ब्रेक क्लीनरने धुणे योग्य असते. डिझेल, पेट्रोल वा ग्रीस यांचा स्पर्श लायनर व रबरी भागांना होऊ देऊ नये.

### तपासणी

ड्रम काढल्यावर पुढील बाबी पाहिल्या जातात :

* लायनर : जाडी, तडे, काचेसारखी चकाकी आणि तेलाचे डाग. रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या जवळ आली असल्यास लायनर बदलतात. डोकी ड्रमला घासू लागली तर ड्रमवर खोल चरे पडतात. तेल शोषलेला लायनर जाळून किंवा घासून पूर्ववत होत नाही.
* ड्रम : चरे, उष्णतेने पडलेले निळसर डाग, तडे व वर्तुळाकारातील बिघाड. लेथवर ड्रम ‘टर्न’ करता येतो, परंतु निर्मात्याने ठरवलेल्या कमाल व्यासापलीकडे नाही. तडा गेलेला ड्रम बाद करावा लागतो.
* व्हील सिलिंडर : रबरी धूळरोधक टोपी उलटून पाहिल्यास आतील ओल दिसते. गळती असल्यास रबराचे किट बदलतात. सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंजाचे खड्डे असतील, तर नवे रबरही टिकत नाही आणि पूर्ण सिलिंडर बदलणे आवश्यक ठरते.
* स्प्रिंग : ताण गेलेल्या किंवा उष्णतेने रंग बदललेल्या स्प्रिंग बदलतात.
* हबचे सील : येथून गळणारे तेल वा ग्रीस थेट लायनरवर येते. सील न बदलता फक्त लायनर बदलल्यास दोष पुन्हा उद्भवतो.

लायनर बदलताना ते एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे आणि एकाच प्रतीचे असावे लागतात. रिव्हेट मारताना मधल्या छिद्रांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जातात. त्यामुळे लायनर शूला सलग चिकटून बसतो व मध्ये पोकळी राहत नाही. पाठीच्या पत्र्यावरील शू टेकण्याच्या जागांना उष्णतारोधक ग्रीसचा अतिशय पातळ थर देतात.

### ब्रेक द्रव

बोलीभाषेत ‘ब्रेक ऑईल’ म्हटला जाणारा हा द्रव खनिज तेल नसून बहुधा ग्लायकॉल-ईथरवर आधारित असतो. चुकून इंजिन ऑईल किंवा अन्य खनिज तेल घातल्यास यंत्रणेतील रबर फुगते व सर्व रबरी भाग बदलावे लागतात. भारतीय मानक ब्यूरोचे या द्रवासाठी आयएस ८६५४ हे मानक आहे. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रचलित प्रती होत. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू ताज्या अवस्थेत २०५° से. आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत १४०° से. असतो. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३०° से. आणि १५५° से. आहेत.

ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे उघड्या डब्यात राहिलेला किंवा एकदा बाहेर काढलेला द्रव पुन्हा वापरत नाहीत. उत्कलनबिंदू घसरलेला द्रव घाटात तापून उकळल्यास नळ्यांत वाफ तयार होते. वाफ दाबली जात असल्याने पेडल खाली जाते, पण चाकांवर जोर पोहोचत नाही. या दोषास ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

### हवा काढणे

नळी सोडली, सिलिंडर बदलला किंवा टाकीतील द्रव संपला, तर यंत्रणेत हवा शिरते. ती काढण्यासाठी सामान्यतः दोन माणसे लागतात. एक जण पेडल सावकाश दाबून धरतो. दुसरा व्हील सिलिंडरचे निपल उघडतो आणि पारदर्शक नळीतून द्रव व बुडबुडे बाटलीत पडू देतो. निपल बंद केल्यानंतरच पेडल सोडले जाते, अन्यथा हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया चालू ठेवतात व मधूनमधून टाकी भरत राहतात. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. मात्र काही वाहनांत क्रम वेगळा असतो आणि बूस्टरवरही स्वतंत्र निपल असू शकते. अशा वेळी निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा लागतो.

## समायोजन

शू व ड्रम यांतील फट योग्य ठेवण्याच्या क्रियेस समायोजन किंवा गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक सेट करणे’ म्हणतात. हाताने समायोजन करावयाच्या ब्रेकसाठी सामान्य पद्धत अशी आहे :

१. ड्रम पूर्ण थंड होऊ द्यावा.
२. चाक जमिनीपासून उचलून मोकळे फिरते का ते पाहावे. हँडब्रेक सोडलेला असावा.
३. पेडल दोनतीनदा जोराने दाबावे, म्हणजे शू मध्यभागी बसतात.
४. पाठीच्या पत्र्यातील खाचेतून दातेरी चकती फिरवून किंवा कॅमचा नट वळवून चाक अडकेपर्यंत शू बाहेर आणावेत.
५. चाक घासल्याशिवाय फिरू लागेपर्यंत समायोजक मागे घ्यावा. किती दाते मागे घ्यावे हे पुस्तिकेत दिलेले असते. ड्रमला तपासणीचे छिद्र असल्यास फीलर गेजने फट मोजता येते.
६. पुन्हा पेडल दाबून चाक फिरवून पाहावे व आवश्यक असल्यास चौथ्या टप्प्यापासून क्रिया पुन्हा करावी.
७. त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाला तेवढीच फट द्यावी.
८. सर्व चाके झाल्यावर शेवटी हँडब्रेकची तार किंवा दांडा जुळवावा.

हँडब्रेकची तार आवळून पेडलचा वाढलेला प्रवास लपवणे ही चुकीची पद्धत आहे. तीमुळे शू कायम ताणलेले राहतात आणि मूळ फट सुधारत नाही.

ड्रम थंड असण्याचा आग्रह बिडाच्या प्रसरणामुळे धरला जातो. ३२० मिमी व्यासाचा ड्रम ३००° से. ने तापल्यास त्याचा व्यास सुमारे १ मिमी वाढतो. घाट उतरून आलेल्या गाडीचे पेडल खोल जाते म्हणून तेथेच ब्रेक आवळल्यास, ड्रम थंड होऊन आक्रसल्यावर शू त्यात अडकतात. मग चाक सतत घासून पुन्हा तापते.

स्वयंचलित समायोजक असलेल्या ब्रेकमध्ये फट वाढताच चकती आपोआप पुढे सरकते. गंज व धूळ यांमुळे ही यंत्रणा अडकू शकते, म्हणून तिचीही वेळोवेळी तपासणी करावी लागते. पेडलचा मोकळा प्रवास ही वेगळी बाब आहे. पुशरॉड व मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांत थोडी फट नसल्यास द्रवाला टाकीत परतण्याचा मार्ग बंद राहतो आणि सर्व चाकांचे ब्रेक हळूहळू जाम होतात.

नवे लायनर बसवल्यानंतर ते ड्रमच्या वक्राशी पूर्णपणे जुळेपर्यंत काही काळ सौम्य ब्रेक वापरून गाडी चालवतात आणि त्यानंतर फट पुन्हा तपासतात.

## सामान्य दोष व त्यांची कारणे

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| पेडल स्पंजासारखे मऊ लागणे | यंत्रणेत हवा, फुगलेला होस |
| पेडल खोल जाणे, पण पंपिंग केल्यावर वर येणे | शू व ड्रम यांत जास्त फट |
| दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे | बाहेरील गळती किंवा मास्टर सिलिंडरचे झिजलेले रबर |
| पेडल कठीण लागणे, ब्रेक कमी लागणे | बूस्टर किंवा त्याच्या नळीतील दोष, चकाकी आलेले लायनर |
| गाडी एका बाजूस ओढणे | एका चाकात तेल, जाम झालेला पिस्टन, असमान समायोजन |
| एकच चाक तापणे | कमजोर स्प्रिंग, आतून बंद झालेला होस, फारच कमी फट |
| सर्व चाके तापणे | पुशरॉडला मोकळीक नसणे, मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजणे |
| पेडल पायाखाली थरथरणे | वर्तुळाकार बिघडलेला ड्रम |

निर्वात बूस्टर तपासण्यासाठी इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबतात. नंतर पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले असता पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करीत असल्याचे समजते. इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत गाडी उतारावरून सोडल्यास बूस्टरमधील साठा काही वेळा ब्रेक दाबताच संपतो. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

## सांगोला परिसरातील संदर्भ

सांगोला हे सोलापूर जिल्ह्यातील पर्जन्यछायेच्या प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण असून डाळिंबाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सांगोला–मंगळवेढा–सोलापूर असा राष्ट्रीय महामार्ग १६६ (पूर्वीचा क्रमांक २०४) येथून जातो. मिरज–पंढरपूर लोहमार्गावर सांगोला स्थानक आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना करण्यात आली. शेतापासून स्थानक वा बाजारपेठेपर्यंतची वाहतूक मात्र रस्त्यानेच होते, आणि तिच्यात हलक्या व मध्यम मालमोटारींचा वाटा मोठा असतो.

तालुक्याचा बराचसा भाग सपाट असल्याने स्थानिक फेऱ्यांत ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. कच्च्या रस्त्यांवरील बारीक धूळ मात्र ड्रममध्ये साचून लायनर व समायोजकाची झीज वाढवते. याच गाड्या कोकणाकडे जाताना आंबा घाट किंवा मुंबईकडे जाताना बोरघाट उतरतात, तेव्हा मैदानी रस्त्यावर लक्षात न आलेला दोष उघडा पडतो.

यामागील कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. १० टन वजनाची मालमोटार ताशी ६० किमी वेगावरून थांबवताना ब्रेकना सुमारे १.४ मेगाज्यूल ऊर्जा शोषावी लागते. हीच गाडी ३०० मीटर उंची उतरताना सुमारे २९ मेगाज्यूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजे सुमारे २१ वेळा गाडी थांबवण्याइतकी. ही सर्व ऊर्जा ब्रेकवर टाकल्यास लायनरचे घर्षण घटते (ब्रेक फेड), ड्रम प्रसरण पावून फट वाढते आणि द्रव उकळण्याचा धोका निर्माण होतो. तिन्ही परिणाम एकाच वेळी घडत असल्याने अनेकदा ब्रेक अचानक ‘फेल’ झाल्यासारखे वाटतात. घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने वेग आटोक्यात ठेवणे आणि ब्रेक सतत न टेकवता थोड्या वेळाने ठामपणे वापरणे, हा यावरील उपाय आहे. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास ही ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते.

## कायदेशीर तरतुदी व प्रशिक्षण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. ते आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी दोन वर्षांचे व त्यापुढील वाहनांसाठी एका वर्षाचे असते. ब्रेकसंबंधीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९६ मध्ये आहेत. सोलापूर जिल्ह्यात सोलापूर (एमएच-१३) व अकलूज (एमएच-४५) येथे परिवहन कार्यालये आहेत. योग्यता प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीची स्थिती दर्शवते. लायनरची झीज त्यानंतरही चालूच राहत असल्याने दोन तपासण्यांमधील देखभालीची जबाबदारी मालक व चालक यांच्यावर राहते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ब्रेक यंत्रणेची उकल, जुळणी व हवा काढणे यांचा समावेश असतो.

## हवेच्या ब्रेकशी तुलना

हायड्रॉलिक यंत्रणा हलकी, आटोपशीर असते आणि पेडल दाबताच प्रतिसाद देते. हवेच्या ब्रेकमध्ये अधिक मोठा जोर मिळतो, लहानशी गळती कॉम्प्रेसर भरून काढतो आणि ट्रेलरची जोडणी सोपी होते. त्यामुळे १२ टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींत हवेचे ब्रेक रूढ झाले. काही मध्यम मालमोटारींत हवेच्या दाबाने मास्टर सिलिंडर चालवणारी मिश्र यंत्रणा असते. अशा वाहनांत चाकाजवळील ड्रम, लायनर आणि व्हील सिलिंडर यांची देखभाल वरीलप्रमाणेच करतात. त्याशिवाय हवेच्या टाकीतील पाणी नियमितपणे सोडावे लागते.

## हे सुद्धा पहा

* ड्रम ब्रेक
* डिस्क ब्रेक
* हवेचा ब्रेक
* पास्कलचा नियम
* सांगोला
* राष्ट्रीय महामार्ग १६६